वारसांचे घर विकत घेताना: सगळे वारस कसे शोधावेत आणि त्यांच्याशी कसे बोलावे

कोकणात, देशावर, कुठल्याही जुन्या गावठाणात कुलूप लागलेली घरे दिसतात. मूळ मालक जाऊन तीस-चाळीस वर्षे झालेली असतात. मुले मुंबई-पुण्यात, एक मुलगी बडोद्याला, एक नात परदेशात. घर विकायला बहुतेकांची ना नसते. पण कागदावर आजोबांचेच नाव असते आणि सगळ्यांना एकत्र बसवायचा पुढाकार कोणी घेत नाही. अशा घरात पैसे घालणाऱ्याचे खरे काम प्रत्येक वारस शोधणे आणि त्या सगळ्यांना एका खरेदीखतावर आणणे हे आहे. भाव पाडून घेणे ही त्यामानाने किरकोळ गोष्ट. एक वारस सुटला तर खरेदीखत नोंदवूनही त्याच्या हिश्श्यापुरते तुम्ही मालक होत नाही. तो हिस्सा मागत तो पुढे वाटपाचा दावा लावतो, तेव्हा घर दुरुस्त करून त्यात घातलेले पैसेही अडकतात.

पुढचे सगळे महाराष्ट्रातील आणि हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या (म्हणजे बौद्ध, जैन, शीखही) कुटुंबांना धरून आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत हिस्से वेगळे पडतात, पण माणसे शोधण्याची रीत तीच. गोव्याचा कायदा वेगळा, त्याचे शेवटी.

आधी कागद, मग माणसे

घर कोणत्या नोंदीत बसते ते पहिले ठरवा. शहरात आणि नगर भूमापन झालेल्या गावठाणात मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते. गावठाणाबाहेरच्या घराखालच्या जमिनीचा सातबारा असतो. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ मिळतो, पण तो कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. नमुना ८ वर विसंबून विसार (आगाऊ रक्कम) देऊन बसणे ही या धंद्यातली सर्रास होणारी चूक आहे.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका हाती आली की आजचे नाव वाचून थांबू नका. त्यावरच्या प्रत्येक फेरफाराचा (म्हणजे नोंदीत झालेल्या बदलाचा) क्रमांक उतरवून घ्या, त्या प्रत्येक फेरफाराची प्रमाणित नक्कल काढा आणि मागे मागे जा. स्कॅन झालेले जुने अभिलेख काही जिल्ह्यांचे ऑनलाइन मिळतात. बाकीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदी मोडीत असू शकतात. तिथे अंदाज न लावता मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या.

फेरफार वाचताना काही खुणा वारसांच्या शोधात फार उपयोगी पडतात. कंसातले नाव म्हणजे कमी झालेले नाव. ते का कमी झाले हे त्या क्रमांकाच्या फेरफारातच कळते. «ए.कु.मॅ.» म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: एका भावाचे नाव लागले आहे, पण बाकीचे भाऊ त्याच्यामागे उभे आहेत. नावापुढे «अ.पा.क.» असेल तर तेव्हा ती व्यक्ती अज्ञान (अल्पवयीन) होती आणि पालकाचे नाव लावले होते. ती आज साठ वर्षांची असेल आणि हयातही असेल. जुन्या सातबारांत बहिणींची नावे कब्जेदार सदरी न लावता «इतर हक्कात» टाकलेली आढळतात, तर पुष्कळदा वारस नोंदीत घेतलेलीच नसतात. फेरफारात नाव नाही म्हणून त्या बहिणीचा हक्क गेला असे मुळीच नाही. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. «बहिणींनी तलाठ्यासमोर जबाब देऊन हक्क सोडला» असे कोणी सांगितले तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवायला सांगा. ते नसेल तर बहिणी वारस आहेत असेच धरून चाला.

गाव नमुना ६क म्हणजे वारस नोंदवही. तिचीही नक्कल घ्या. तिथे वारसांची नावे, वये, कधी कधी गावेही लिहिलेली असतात. कोकणात सामाईक जमिनीवर हिस्से आणे-पैत लिहिलेले सापडतात: सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. सगळ्यांची बेरीज बरोबर सोळा आणे होते का ते पाहा. चौदा आणेच भरत असतील तर दोन आण्यांचा धनी कुठेतरी हरवलेला आहे.

याच टप्प्यावर नोंदणी विभागाचा ई-सर्च करा आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. एखाद्या वारसाने हिस्सा आधीच विकला किंवा गहाण टाकला असेल तर सूची क्रमांक २ मध्ये (नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीत) ते सापडते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावाने दिवाणी दावे तपासा. दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली राहू शकते.

आणखी एक गोष्ट आताच पाहून ठेवावी. घराखालची जमीन सातबाऱ्यावर शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानग्यांचा मामला आणखी वेगळा. वारस शोधण्यात सहा महिने घालवून मग हे कळले तर सगळी मेहनत फुकट.

वंशावळ तारखांसह मांडा

एका मोठ्या कागदावर मूळ मालकापासून खाली झाड काढा आणि प्रत्येक मयताच्या नावाखाली मृत्यूची तारीख लिहा. तारखेशिवायची वंशावळ निरुपयोगी, कारण हिस्सा मृत्यूच्या दिवशी ठरतो. मालक १७ जून १९५६ पूर्वी वारला असेल तर हिंदू वारसा कायदा त्याला लागूच नाही. तिथे जुना हिंदू कायदा पाहावा लागतो आणि ते काम वकिलाचे.

एक उदाहरण मांडू. आजोबांचे स्वकष्टार्जित घर. ते १९७१ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आजी, दोन मुलगे, दोन मुली. पाच वारस, प्रत्येकी पाचवा हिस्सा. पुढे आजी वारली, तिचा पाचवा हिस्सा चार मुलांत गेला, म्हणून प्रत्येकी पाव. मग थोरला मुलगा वारला. मागे पत्नी आणि दोन मुले. त्याच्या पावाचे तीन भाग, प्रत्येकी एक बारांश. मग थोरली मुलगी वारली. मागे पती आणि एक मुलगा. त्यांचा प्रत्येकी एक अष्टमांश. धाकटा मुलगा आणि धाकटी मुलगी हयात, त्यांचा पाव-पाव. एकूण सात सह्या. यात हमखास विसरला जातो तो थोरल्या मुलीचा नवरा. गावात «जावयाचा काय संबंध?» असे म्हणतात, पण मुलगी वारल्यावर तिच्या मुलांबरोबर तोही वारस आहे. आणि थोरला मुलगा आजीच्या आधी वारला असता तर त्याची आई म्हणून आजीलाही त्याच्या हिश्श्यात वाटा मिळाला असता आणि सगळे आकडे बदलले असते. म्हणून तारखा.

घर वडिलोपार्जित सहदायिकी मिळकत (जिच्यात जन्मानेच हक्क मिळतो अशी एकत्र कुटुंबाची मिळकत) असेल तर गणित वेगळे होते. २००५ च्या दुरुस्तीने मुली जन्माने सहदायाद झाल्या आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीचे नोंदणीकृत वाटप मात्र सुरक्षित आहे. तेव्हा «आमचे वाटप झाले आहे» हे ऐकले की वाटपाचा कागद आणि त्याची तारीख मागा.

झाड काढताना या फांद्या मुद्दाम तपासा. मूलबाळ नसलेली विधवा काकू: तिला नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेला हिस्सा नवऱ्याच्या वारसांकडे परत जातो. मूलबाळ नसलेली आत्या: वडिलांकडून आलेला तिचा हिस्सा तिच्या सासरी न जाता वडिलांच्या वारसांकडे जातो. दत्तक दिलेला मुलगा: जन्मघराच्या वारसातून तो निघतो, पण दत्तक जाण्याआधी त्याला मिळून चुकलेली मिळकत त्याचीच राहते. दुसऱ्या संसारातली मुले: तो विवाह कायद्याने अवैध ठरला तरी मुलांना आई-वडिलांच्या मिळकतीत हक्क आहे. घरातली माणसे हे नाव स्वतःहून सांगत नाहीत. शेजारच्या वयस्कर माणसांकडून ते कळते.

वंशावळीची सर्वात चांगली परीक्षा अशी: निदान तीन वेगवेगळ्या शाखांतील माणसांकडून ती स्वतंत्रपणे लिहून घ्या आणि ताडून पाहा. एकाच्या कागदावर असलेले नाव दुसऱ्याच्या कागदावर नसेल, तर पुढचे काम त्याच नावापासून सुरू होते.

माणसे कुठे सापडतात

सुरुवात गावातून करा. घरपट्टी कोण भरतो, वीजबिल कोणाच्या नावे येते, किल्ली कोणाकडे असते, या तीन प्रश्नांवर पहिला जिवंत वारस सापडतो. ग्रामपंचायत शिपाई, पोलीस पाटील आणि दोन-तीन शेजारी एवढ्यांकडे गेलात तरी पुष्कळ. कोकणातल्या गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळे आहेत. मंडळाच्या वर्गणीच्या यादीत चाकरमान्यांचे पत्ते पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. गणपतीत आणि शिमग्यात घरची माणसे गावी येतात, तेव्हा ओळख करून घ्यावी, फोन नंबर विचारावा. व्यवहाराची गोष्ट मात्र त्या दिवसांत काढू नये.

पुष्कळ कुळांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. त्यात शाखा, जन्मसाल, शिक्षण, नोकरीचे गाव इतके तपशील मिळतात. जिल्ह्याच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा त्या कुलमंडळाकडे विचारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यजमानांच्या घराण्यांची नामावळी असते. शंभर वर्षांपूर्वीची एखादी तुटलेली फांदी तिथे जुळते, पण त्या नोंदी घरच्या माणसाने जाऊन काढाव्यात हे योग्य. हे सगळे दिशा दाखवणारे पुरावे आहेत. कोर्टात उपयोगी पडतो तो मृत्यूचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि महसुली नोंद.

शहरात गेलेल्यांसाठी मतदार याद्या कामाच्या. यादीत नाव, वय आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, त्यामुळे लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचाही माग लागतो, मात्र सासरचे आडनाव आधी कळले पाहिजे. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका आणि नात्यातली एखादी आजी यांच्याइतका चांगला स्रोत नाही. मृत्यूची नोंद ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत झाली तिथून दाखला काढता येतो. मुंबईचा फ्लॅट असेल तर सोसायटीच्या कार्यालयात नामनिर्देशन पाहायला मिळते, पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा आहे. फक्त नॉमिनीची सही घेऊन केलेली फ्लॅटखरेदी पुढे वादात जाण्याचा धोका मोठा असतो.

मोबाइलचे कॉल तपशील, बँक किंवा आधारची माहिती «काढून देतो» म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि आपली माहिती अशी बाहेर आली हे वारसाला कळले की तो सही करणार नाही.

पहिले पत्र

घरातले माणूस नुकतेच गेले असेल तर तेराव्यानंतर लगेच खरेदीचा निरोप धाडणे बरे नाही. तीन-चार महिने जाऊ द्या. तेवढ्यात घरची वारस नोंदही बहुधा मार्गी लागते. पहिला संपर्क फोनपेक्षा पत्राने करावा. पत्र सर्वांना दाखवता येते, वकिलाला देता येते, आणि ऐकताना झालेला गैरसमज टळतो. स्पीड पोस्टाने, प्रत्येक वारसाला स्वतंत्र आणि एकाच दिवशी पाठवा. एकाला आधी कळले आणि दुसऱ्याला त्याच्याकडून कळले, तर पहिल्याच दिवशी संशय पेरला जातो. मजकूर साधारण असा असावा:

«सप्रेम नमस्कार. आपल्या कुटुंबाचे मौजे अमुक, तालुका अमुक येथील घर (मिळकत क्रमांक अमुक) आपल्या आजोबांच्या नावे असल्याचे अधिकार अभिलेखावरून दिसते. हे घर खरेदी करण्याची माझी इच्छा आहे. विकण्याचा विचार नसल्यास एका ओळीत कळवावे, मी पुन्हा त्रास देणार नाही. विचार असल्यास सर्व वारसांशी एकाच दराने आणि सर्वांच्या माहितीने बोलेन. मला समजलेली वारसांची नावे सोबत जोडली आहेत. कोणाचे नाव राहिले असल्यास कृपया सांगावे. निर्णयापूर्वी आपण आपल्या वकिलांचा सल्ला घ्यावा.»

सोबतच्या यादीत फक्त नावे द्या. एकाचा पत्ता किंवा फोन दुसऱ्याला देण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मग ते सख्खे भाऊ का असेनात. तीन-चार आठवड्यांत उत्तर नाही आले तर एकदा फोन करा. स्पष्ट नकार आला तर शब्द पाळा.

भावाभावांत अबोला असेल तर एकाचा निरोप दुसऱ्याला सांगणारा मध्यस्थ होऊ नका. घरात एखादी विधवा किंवा वृद्ध वारस राहत असेल तर तिची पुढची सोय हा बोलण्याचा पहिला विषय असू द्या, किंमत नंतर. तिला घर सोडावे लागणार आहे. बाकीच्यांना फक्त पैसे मिळणार आहेत.

भाव आणि हिस्सा

संपूर्ण घराची एक किंमत ठरवा आणि हिश्श्याप्रमाणे वाटा. गरजू वारसाचा हिस्सा आधी स्वस्तात घेऊन बाकीच्यांवर दबाव आणायचा, हा मार्ग काही गुंतवणूकदार सुचवतात. तो अन्यायाचा आहे आणि फायद्याचाही नाही. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे एकत्र ताबा मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरचा हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा घेऊ शकतो. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने वर्ग १ च्या (पत्नी, मुले, आई अशा सर्वात जवळच्या) इतर वारसांना तो हिस्सा आधी घेण्याचा हक्क दिला आहे. पैसे अडकतात, घर मिळत नाही, गावात नाव खराब होते.

विसार देण्याची घाई नको. सर्व वारसांची लेखी तयारी आल्यावर सर्वांना घेऊन एकच साठेखत (विक्रीचा करार) नोंदवा. पैसे प्रत्येकाच्या स्वतःच्या बँक खात्यात, हिश्श्याप्रमाणे. «सगळे माझ्याकडे द्या, मी वाटतो» असे थोरला भाऊ म्हणाला तरी नाही म्हणा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे. एकूण किंमत ५० लाख रुपये किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापावा लागतो, आणि तिथे एकेका वारसाचा हिस्सा न पाहता पूर्ण किंमत पाहतात. अनिवासी वारसाला ही ५० लाखांची मर्यादा लागूच नाही. त्याच्या हिश्श्यावर कपातीचा दर बराच जास्त असतो, म्हणून त्याला कमी कपातीचे प्रमाणपत्र वेळेत काढायला सांगा.

सह्यांपर्यंतचे कागद

वारस नोंद वारसांनीच करून घ्यायची असते. मृत्यूचे दाखले, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) किंवा ई-हक्क प्रणालीतून. मिळकत पत्रिकेसाठी नगर भूमापन कार्यालयात. कागद गोळा करायला मदत करा, खर्च उचला, पण प्रतिज्ञापत्र तुमच्या माणसाकडून लिहवून घेऊ नका. एखादा वारस त्यातून गाळला गेल्याचे पुढे निघाले तर बोट तुमच्याकडे येते.

वाद असेल किंवा वंशावळ गुंतागुंतीची असेल तर १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घेतात. पुष्कळजण त्याऐवजी उत्तराधिकार प्रमाणपत्र काढून आणतात. ते बँक ठेवी, शेअर्स, येणी यांच्यासाठी असते, घरासाठी नाही.

ज्या भावंडांना हिस्सा नको आहे त्यांनी दुसऱ्या भावंडाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवले तर वडिलोपार्जित मिळकतीत मुद्रांक नाममात्र लागतो आणि सह्या कमी होतात. परंतु खरेदीदाराच्या नावे हक्कसोड करून मुद्रांक वाचवायला जाऊ नका, त्यावर खरेदीखतासारखाच मुद्रांक लागतो.

परदेशातील वारसाने येऊन सही करणे सर्वात उत्तम. ते शक्य नसेल तर या एकाच मिळकतीपुरते विशेष कुलमुखत्यारपत्र भारतीय वाणिज्य दूतावासात किंवा तिथल्या नोटरीसमोर (अपोस्टिल म्हणजे त्या देशाच्या सरकारी प्रमाणीकरणासह) करून घ्या. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावे लागते, आणि ही मुदत चुकते म्हणून अडलेले व्यवहार पुष्कळ आहेत. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते संपते. खरेदीखताच्या दिवशी त्याच्याशी व्हिडिओवर बोलून घ्या.

अज्ञान वारसाचा हिस्सा आई किंवा वडील नैसर्गिक पालक म्हणूनही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाहीत. परवानगी नसेल तर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहार रद्द करून मागू शकते. बेपत्ता वारसाचे सात वर्षे काहीही कळले नसेल तर मृत्यूचे अनुमान धरता येते, पण त्यासाठी न्यायालयाची घोषणा हवी. भावांच्या प्रतिज्ञापत्रावर त्याचा हिस्सा घेऊ नये.

साठेखतापूर्वी त्या भागात वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या, हरकतीला साधारण पंधरा दिवसांची मुदत ठेवून. वारस ज्या शहरात असण्याचा संभव आहे तिथल्या आवृत्तीतही द्या. नोटीस न वाचलेल्या वारसाचा हक्क त्याने बुडत नाही. तुम्ही प्रामाणिकपणे शोध घेतला एवढाच तो पुरावा.

गोव्यात

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नी मालमत्तेचे निम्मे-निम्मे धनी. त्यामुळे एक जण वारला की निम्मे जोडीदाराचे आधीच असते, वारसा उरलेल्या निम्म्याचा चालतो. आणि खरेदीखतावर प्रत्येक विवाहित वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. महाराष्ट्रातून जाणारे खरेदीदार इथेच चुकतात. २०१२ च्या कायद्याखाली वारसाचा दस्त किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरी प्रक्रिया झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शहरी मिळकतीला नमुना ड आणि गावातल्या जमिनीला नमुना १ व १४ पाहावा.

नोंदणीनंतर

खरेदीखत नोंदवल्यावर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. गाळला गेलेला वारस असेल तर तो बहुधा याच पंधरा दिवसांत समोर येतो. तेव्हा फेरफार प्रमाणित होईपर्यंत घर पाडू नका, भिंत हलवू नका. ताबा घेताना देवघर, टाक, जुने फोटो, पेट्यांतले कागद यांची यादी करून ते न्यायला वारसांना निदान महिनाभर द्या आणि ते नेल्याची पोच घ्या. पेटीतले कागद चाळायचे असतील तर ते वारसांसमोरच. जुनी वाटणीपत्रे आणि पावत्या तिथेच सापडतात, आणि त्यांच्या प्रती तुमच्या फाइलमध्ये असणे गरजेचे आहे.